चारही चाकें ओढणारी जुनी गाडी : तिची दुरुस्ती व तिच्यांतील फेरफार

आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंच्या गोठ्याशेजारीं एखादी जुनी जीप उभी असलेली दिसते. कोणास ती वडिलांकडून मिळालेली असते, कोणीं ती लिलांवांत घेतलेली असते, तर कोणीं एखाद्या परसांत गंजत पडलेली उचलून आणलेली असते. भर पावसाळ्यांत चिखलाच्या शिवारांतून खताचीं पोतीं न्यावयाचीं असलीं, किंवा आजारी माणसास रात्रीं पाणंदीनें दवाखान्यांत पोंचवावयाचें असलें, म्हणजे या गाडीचें मोल कळतें. कारण मागचीं दोन चाकें रुतलीं तरी पुढचीं दोन तिला ओढून बाहेर काढतात. अशी गाडी हातीं आली कीं मालकाच्या मनांत दोन इच्छा एकदमच उत्पन्न होतात. एक, ती दुरुस्त करावी. आणि दुसरी, तींत फेरफार करून ती अधिक उंच, अधिक जोरकस व अधिक दिमाखदार करावी. यांपैकीं आधीं कोणती इच्छा पुरी करावी, याविषयीं आम्हांस जें शिक्षण मिळालें तें बरेंच महाग पडलें. इतरांस तें स्वस्तांत मिळावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

गाडीची कुळकथा

या गाडीचें मूळ लष्करी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४१ ते १९४५ पर्यंत, अमेरिकेंतील विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनीं मिळून सुमारें साडेसहा लाख जीपगाड्या तयार केल्या. सुमारें २२०० घन सेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें पेट्रोल इंजिन, ६० अश्वशक्ति, आणि पुढच्या व मागच्या चाकांमध्यें ८० इंचांचें अंतर, अशी तिची साधी मांडणी होती. युद्ध संपलें त्याच सालीं, म्हणजे १९४५ मध्यें, विलीज कंपनीनें 'सीजे-२ए' ही तिची नागरी आवृत्ति काढली, ती मुख्यतः शेतकरी डोळ्यांसमोर ठेवून. अवजारें ओढण्यासाठीं मागें ओढदांडा, माल चढविण्यासाठीं उघडणारें मागचें फळकूट, आणि हवें असल्यास इंजिनाची शक्ति बाहेर घेऊन दुसरें यंत्र चालविण्याची सोय, हीं तिचीं वैशिष्ट्यें होतीं. तेव्हां जीप आणि शेत यांचा संबंध आपणच जोडला असें नव्हे. तो जवळजवळ जन्मापासूनचा आहे.

आपल्याकडे महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईंत माझगांव येथें परदेशांतून आणलेल्या सुट्या भागांची जोडणी सुरू केली. पुढें 'सीजे-३बी' व तिच्या वंशांतील गाड्या अनेक दशकें येथेंच बनत राहिल्या. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या नमुन्यावरील डिझेल इंजिन आल्यावर त्या शेतकऱ्यास चालविण्यासही परवडूं लागल्या. दुसरीकडे जबलपूरच्या लष्करी कारखान्यांत १९६९ ते १९९९ पर्यंत निसान कंपनीच्या नमुन्यावर 'जोंगा' ही थोरली गाडी तयार होत असे. लष्करानें मोडींत काढलेल्या जोंगाही लिलांवांतून खासगी मालकांकडे आल्या. या सर्वांचीं वयें निरनिराळीं असलीं तरी हाडें एकाच जातीचीं आहेत : शिडीसारखी पोलादी चौकट, पुढें व मागें अखंड आंस, त्यांवर कमानपाटे, आणि मध्यें शक्ति वांटून देणारी पेटी. म्हणून पुढील विवेचन थोड्याफार फरकानें सर्वांस लागू पडेल.

बळ येतें कोठून ?

या गाडीचें बळ इंजिनांत नसून दांत्यांच्या चाकांत आहे, ही गोष्ट प्रथम नीट समजून घ्यावी. गिअरबॉक्सच्या मागें जी दुसरी पेटी असते, तिला मिस्त्री लोक 'ट्रान्सफर केस' म्हणतात. तिचा एक दांडा पुढचा आंस जोडतो आणि दुसरा वरचा अगर खालचा पट निवडतो. सीजे-२ए चें उदाहरण घेऊं. तिचा पहिला गिअर सुमारें २·८ पट, खालचा पट २·४३ पट, आणि आंसांतील क्राऊन-पिनियन ५·३८ पट. या तीन आंकड्यांचा गुणाकार सुमारें साडेछत्तीस येतो. म्हणजे इंजिनाचे साडेछत्तीस फेरे होतात तेव्हां चाकाचा एक फेरा होतो, आणि त्याच प्रमाणांत चाकावरील जोर वाढतो. वरच्या पटांत हाच आंकडा पंधरावर येतो. साठ अश्वशक्तीचें इंजिन रुतलेली गाडी बाहेर काढतें तें या गुणाकाराच्या जोरावर. खालचा पट पुढचा आंस जोडल्यावांचून लागूं नये अशी व्यवस्था या पेटींत मुद्दाम केलेली असते. नाहींतर तो सगळा जोर मागच्या एकट्या आंसावर येऊन त्याचे दांडे पिळून निघतील.

दुसरी गोष्ट वळणाची. गाडी वळतांना पुढचीं चाकें मागच्यांहून मोठ्या वर्तुळांतून जातात. म्हणून त्यांचे फेरे अधिक व्हावे लागतात. चिखलांत चाकें थोडीं घसरून हा फरक भरून काढतात. परंतु डांबरी रस्त्यावर तीं घसरत नाहींत, आणि पुढच्या व मागच्या आंसांमध्यें हा फरक सोसणारें डिफरन्शियल या जुन्या गाड्यांत नसतें. परिणाम असा होतो कीं दांडे पिळले जातात, टायर झिजतात, आणि पेटीचा दांडा हातानें निघेनासा होतो. असें झालें तर दांड्यावर हातोडा घालूं नये; गाडी थोडी मागें घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो. सुक्या व टणक रस्त्यावर पुढचा आंस जोडूं नये हें उत्तम. याच कारणास्तव चारही टायर एका मापाचे व एकसारखे झिजलेले असावेत. पुढें नवे व मागें गुळगुळीत झालेले टायर घालून चारही चाकें जोडून चालविणें म्हणजे पेटीस नित्याचा पीळ देणें होय.

दुरुस्तीचा क्रम

आमचा अनुभव असा आहे कीं बहुतेक मालक दुरुस्तीचा क्रम उलटा लावितात. आधीं रंग, मग इंजिन, मग बैठका, आणि पैसे उरले तर ब्रेक. वास्तविक क्रम असा असावा : चौकट, ब्रेक, स्टिअरिंग व पुढचे सांधे, तेलाच्या पेट्या, आणि शेवटीं इंजिन. बंद पडलेलें इंजिन गाडी जागेवर उभी करील. मोडलेला ब्रेक ती उभी राहूं देणार नाहीं.

चौकट प्रथम धुऊन घ्यावी. तिच्या पोकळींत वर्षानुवर्षें चिखल सांचतो आणि आंतून गंज धरतो. लहान हातोड्यानें ठोकीत जावें. चांगलें पोलाद खणखणतें, सडलेलें बद्द वाजतें. पाट्यांच्या कानांजवळ व स्टिअरिंगच्या पेटीजवळ बारीक तडे बहुधा सांपडतात. तडा दिसला तर त्याच्या टोंकास बारीक भोंक पाडावें, म्हणजे तो पुढें धांवत नाहीं. मग तडा खोबणीसारखा घांसून भरून काढावा व वर पट्टी जोडावी. पट्टीचीं टोंकें सरळ उभीं न कापतां निमुळतीं कापावीं. कारण चौकटीवर उभी आडवी जोडरेषा आली कीं तेथेंच दुसरा तडा जन्मास येतो. वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्या व इंधनाची टाकी दूर करावी.

पुढच्या आंसाच्या दोन्ही टोंकांस लोखंडी गोळे असतात. चाक वळलें असतांही त्यास शक्ति पोंचविणारा सांधा त्यांच्या पोटांत वंगणांत बुडालेला असतो. गोळ्यावरील सील फाटलें कीं वंगण बाहेर येतें, पाणी व वाळू आंत जाते, आणि मग तो सांधा वळणावर कटकट आवाज करूं लागतो. भातखाचरांतून गाडी काढल्यावर हे गोळे धुऊन पुसावेत. वाळलेला चिखल सीलवर कानशीसारखा घांसतो. याच ठिकाणीं वरखालीं किंग-पिनचीं बेअरिंगें असतात, व त्यांचा ताण पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ठरवावा लागतो. तीं ढिलीं झालीं म्हणजे खड्ड्यावरून जातांना पुढचीं चाकें थरथरतात आणि स्टिअरिंग हातांतून सुटूं पाहतें. पुष्कळ लोक यावर नवीन टायर घेतात. टायरांचा दोष क्वचित् असतो. आधीं चाक उचलून वरखालीं हलवून पाहावें.

हातब्रेकविषयीं एक इशारा फार महत्त्वाचा आहे. जुन्या जीपगाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागें, मागच्या आंसाकडे जाणाऱ्या दांड्यावर असतो. त्यामुळें एक मागचें चाक जॅकवर उचललें कीं तें हवेंत फिरूं शकतें, व दुसरें जमिनीवरील चाकही मोकळें होऊन गाडी सरकते. हातब्रेक ओढला आहे या भरंवशावर गाडीखालीं निजणें प्राणावर बेतणारें आहे. जमिनीवरील चाकांस दोन्ही बाजूंनीं दगडाची उटी लावावी, आणि नुसत्या जॅकवर न विसंबतां चौकटीखालीं मजबूत ठोकळे द्यावेत.

आम्हांस घडलेला प्रसंग

आतां आमची स्वतःची कथा सांगणें भाग आहे. दोन पावसाळ्यांपूर्वीं आम्हीं आपल्या जुन्या डिझेल जीपचे पाटे बदलून ती सुमारें तीन इंच उंच करविली, आणि मूळच्या ६·००-१६ मापाच्या टायरांऐवजीं ३१ इंच व्यासाचे टायर बसविले. काम दोन दिवसांत झालें. गाडी अशी कांहीं दिसूं लागली कीं गांवांतील मुलें तिच्याभोंवतीं जमलीं, आणि आम्हांसही थोडा अभिमान वाटला. ब्रेक पाहूं काय, असें मिस्त्रीनें विचारलें होतें. परंतु 'ब्रेक ठीक आहेत, पुढच्या महिन्यांत पाहूं' असें आम्हींच उत्तर दिलें.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यांत आम्ही आंब्याचीं कलमें आणण्यासाठीं कोल्हापुराहून आंबा घाटानें रत्नागिरीकडे निघालों. बरोबर धाकटा पुतण्या होता, व मागें नातलगांस द्यावयाच्या गुळाच्या ढेपा होत्या. घाट उतरतांना एका वळणावर पुढचें उजवें चाक खड्ड्यांत आदळलें आणि पुढच्याच क्षणीं ब्रेकचें पेडल तळाला गेलें. पुन्हां दाबलें, पायाखालीं कांहींच नाहीं. सुदैवानें गाडी दुसऱ्या गिअरमध्यें होती. इंजिनानें तिला थोडें धरलें, हातब्रेकनें थोडें धरलें व लगेच जळका वास येऊं लागला. समोरून मालमोटार येत होती. "काका, डोंगराकडे घ्या !" असें पुतण्या ओरडला, आणि आम्हीं गाडी डोंगराच्या अंगच्या गटारांत घातली. ती कड्यास घांसत जाऊन थांबली. पुतण्याच्या कपाळास टांके पडले, एक मडगार्ड चेपलें, आणि ढेपा रस्त्यावर विखुरल्या. दरी दुसऱ्या बाजूस होती, एवढेंच आमचें भाग्य.

गाडी उचलून पाहतां कारण वीतभर लांबीच्या एका रबरी नळींत सांपडलें. चौकटीपासून चाकाकडे ब्रेकचें तेल नेणारी ती नळी मूळच्या उंचीच्या मापाची होती. गाडी उंच केल्यावर ती ताणली गेली. चाक खड्ड्यांत खालीं लोंबकळलें तेव्हां ती तुटली. आमच्या गाडीच्या ब्रेकचा मुख्य सिलिंडर जुन्या पद्धतीचा, एकाच मार्गाचा होता. म्हणून एका चाकाची नळी तुटतांच चारही चाकांचे ब्रेक गेले. नळी स्वस्त वस्तु. ती बदलण्यास अर्धा तास पुरला असता. दोष मिस्त्रीचा नव्हता. एक भाग बदलला म्हणजे त्याच्याशीं बांधलेले दुसरे भागही बदलावे लागतात, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. आणि जें ठाऊक नव्हतें तें विचारण्याची सवड आम्हीं घेतली नाहीं.

फेरफारांचा हिशेब

या प्रसंगानंतर आम्हीं प्रत्येक फेरफाराचा हिशेब मांडण्याची संवय लावून घेतली. टायरांचाच हिशेब पाहा. ६·००-१६ चा टायर सुमारें २८ इंच व्यासाचा असतो. तो ३१ इंचांचा केला म्हणजे व्यास सुमारें ११ टक्के वाढला. आतां चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास गाडी ११ टक्के अधिक पुढें जाते, म्हणून ओढ त्याच मानानें कमी पडते. मघांचें साडेछत्तीस पटींचें बळ प्रत्यक्षांत तेहतीस पटींसारखें होतें. ब्रेकचें ढोल मात्र पूर्वीचेंच. तेव्हां तितक्याच अंतरांत गाडी थांबविण्यास ११ टक्के अधिक जोर लागतो. वेगाचा कांटा ट्रान्सफर केसवरून चालतो. तो ५० दाखवितो तेव्हां गाडी ५५ नें धांवत असते. म्हणजे चालणारा समजतो त्याहून गाडी वेगांत असते आणि थांबण्यांत मंद. जमिनीपासून आंसाची उंची दीड इंच वाढली, एवढा लाभ खरा. पण त्याची किंमत अशी आहे.

गाडी उंच केल्यानें दांड्यांचे कोन तिरके होऊन त्यांचे क्रॉस लवकर झिजतात, स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलून खड्ड्यावर गाडी आपोआप एका अंगास ओढते, आणि भारमध्य वर गेल्यानें बांधावर कलंडण्याची भीति वाढते. ज्यांस उंची वाढवावयाचीच असेल त्यांनीं निदान ही परीक्षा करावी : चौकटीखालीं ठोकळे देऊन चाकें पूर्ण लोंबतीं सोडावीं, स्टिअरिंग दोन्ही टोंकांपर्यंत फिरवावें, आणि चारही ठिकाणीं ब्रेकच्या नळ्या सैल राहतात कीं नाहींत हें डोळ्यांनीं पाहावें. आम्हीं हें पूर्वीं केलें असतें तर घाटांतील प्रसंग टळला असता. पाट्यांचे यू-बोल्टही पहिल्या कांहींशे किलोमीटरांनंतर पुन्हां आवळावे लागतात.

जुनें पेट्रोल इंजिन काढून डिझेल घालण्याची चाल बरीच रूढ आहे. इंधनाची बचत होते हें खरें. परंतु डिझेल इंजिन जड असतें व त्याचा झटका मोठा असतो. पुढचे पाटे, क्लच, गिअरबॉक्स व रेडिएटर यांचा विचार एकत्र करावा लागतो. उरलेलें इंधन टाकींत परत नेणारी दुसरी नळी लागते. आणि ब्रेकला निर्वाताची मदत घेणारी योजना असेल तर डिझेलास वेगळा निर्वात पंप लावावा लागतो, कारण पेट्रोल इंजिनाप्रमाणें तें आपल्या शोषणानें पुरेसा निर्वात उत्पन्न करीत नाहीं. एवढें सर्व न करतां केवळ इंजिन बसवून देणाऱ्याकडे जाऊं नये.

मग फेरफार मुळींच करूं नयेत काय ? तसें आमचें म्हणणें नाहीं. ज्या फेरफारानें गाडी अधिक सुरक्षित होते तो प्रथम करावा. जुन्या गाडीस दोन मार्गांचा ब्रेक-सिलिंडर जाणत्याकडून मोजून-मापून बसविला तर एक मार्ग फुटला तरी दुसरा राहतो. सर्वांस कमरपट्टे असावेत. अंधुक दिव्यांच्या तारा नव्या घालाव्या. दिखाऊ बदलांचा क्रम या सर्वांनंतर.

कायदा व विमा

येथें कायद्याचीही आठवण दिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं; आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ कायम केला. इंजिनाची जात किंवा इंधन बदलण्यापूर्वीं आर.टी.ओ. कचेरीची संमति घ्यावी व बदल नोंदवून घ्यावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते व पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून वाढवून घ्यावी लागते; त्या वेळीं न नोंदविलेला फेरफार उघडकीस येतो. याहून वाईट म्हणजे अपघात झाल्यावर विमा कंपनी त्याच फेरफाराकडे बोट दाखवूं शकते. लिलांवांत गाडी घेणारानें इंजिनाचा व चौकटीचा क्रमांक कागदपत्रांशीं स्वतः ताडून पाहावा, आणि मगच पैसे मोजावे.

शेवटचे दोन शब्द

बैलास नवी झूल घालण्यापूर्वीं आपण त्याचे खूर पाहतों. गाडीचेंही तसेंच आहे. ज्या बंधूंकडे अशी गाडी असेल त्यांनीं या महिन्यांत एक सकाळ काढावी. चाकांस उटी लावावी, दिवा घेऊन गाडीखालीं पाहावें, आणि चारही चाकांपाशीं ब्रेकच्या नळ्या हातांत घेऊन वांकवून पाहाव्या. रबरावर बारीक चिरा दिसल्या, किंवा नळी ताणलेली वाटली, तर त्याच दिवशीं ती बदलावी. आमच्या पुतण्याच्या कपाळावरील खूण आतां पुसट झाली आहे. तो हल्लीं स्वतः गाडी चालवितो, आणि घाट उतरण्यापूर्वीं न सांगतां खालीं वांकून त्या नळ्या पाहतो. तेवढें जरी आमच्या वाचकांनीं उचललें, तरी आमचें नुकसान भरून आलें असें आम्ही समजूं.